खत आणि पत : मराठी साहित्यातील धनिकाची प्रतिमा

मराठी समाज आणि संपत्ती यांच्या संबंधाविषयी एक ठराविक विधान अनेक वर्षे होत आले आहे. मराठी माणसाला पैशाचे वेड नाही, संतांनी त्याला वैराग्य शिकविले, पेशवाईने त्याला मानपानाची गोडी लावली आणि व्यापार मात्र त्याने इतरांवर सोपविला, असे या विधानाचे स्वरूप असते. व्यासपीठावरून ते कधी अभिमानाने केले जाते, तर कधी खंत म्हणून. पदव्युत्तर परीक्षेत ‘संतांचा धनविषयक दृष्टिकोन’ असा प्रश्न आला की उत्तरपत्रिका ‘वैराग्य’ या एका शब्दाभोवती फिरू लागते. तो शब्द चुकीचा नाही. पण त्यामुळे ज्या गोष्टी दिसेनाशा होतात त्यांची यादी मोठी आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या दिसेनाशा झालेल्या गोष्टींपैकी एक आहे. मराठी परंपरेत धनिक मनुष्य येतो तो बहुधा कागद हातात घेऊन येतो. कर्जरोखा, गहाणखत, खरेदीखत, पावती, वही यांपैकी काहीतरी त्याच्याजवळ असते, आणि समाजाचा त्याच्याविषयीचा आदर, भय किंवा संताप या कागदाच्या खरेखोटेपणावर ठरतो. संपत्ती पुण्यप्रद की पापमूलक, हा प्रश्न मराठीने फारसा विचारलेला नाही. ती कोणत्या लेखाने आली आणि कोणत्या लेखाने गेली, हा प्रश्न मात्र तिने पुनःपुन्हा विचारला आहे.

प्रथम शब्द पाहावेत. ‘सावकार’ हा शब्द ‘साधुकार’ या शब्दापासून आला असे सामान्यतः मानले जाते. ‘साव’ म्हणजे जो चोर नव्हे तो. सावपणाचा आव आणणे या प्रयोगात तो अर्थ अजून शिल्लक आहे. ‘मातबर’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ भरवशाचा, ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा. मराठीत तो धनवानाला लागला. ‘श्रीमंत’ हे पेशव्यांच्या आणि सरदारांच्या नावामागे लागणारे मानाचे पद होते. सत्ता गेल्यावर ते नुसत्या पैसेवाल्याच्या वाट्याला आले. आणि ‘पत’ या एका अक्षरजोडीत तर अब्रू आणि उधार मिळण्याची योग्यता या दोन्ही गोष्टी सामावल्या आहेत. पत गेली म्हणजे नेमके काय गेले, हे मराठीत वेगळे करून सांगता येत नाही. श्रीमंतीसाठी वापरलेले हे शब्द साठ्याविषयी बोलत नाहीत, विश्वासाविषयी बोलतात. सावकार म्हणजे ज्याच्या वहीतील आकडा खरा मानावा असा मनुष्य. भाषेनेच त्याला प्रामाणिकपणाचे प्रशस्तिपत्र दिलेले असल्यामुळे तो खोटा निघाला की होणारा संताप साध्या चोराविषयीच्या संतापापेक्षा निराळ्या जातीचा असतो.

म्हणींचा कौलही याच बाजूचा आहे. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’, ‘बडे घर, पोकळ वासा’, ‘असतील शिते तर जमतील भुते’ या म्हणींत संपत्तीची निंदा नाही. घरात खरोखर काही आहे की नुसता देखावा, आणि असलेच तर भोवती कोण जमले आहे, एवढीच चौकशी आहे. श्रावणातील शुक्रवारच्या कहाणीत श्रीमंत भाऊ गरीब बहिणीला जेवणाच्या पंक्तीतून उठवितो. व्रताच्या फळाने ती संपन्न झाल्यावर तोच तिला सन्मानाने बोलावितो, आणि ती अंगावरचे दागिने उतरवून त्यांच्यावर एकेक घास ठेवते, कारण आमंत्रण तिला नसून दागिन्यांना आहे. घरोघरी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या या कहाणीला दारिद्र्याचे कसलेही कौतुक नाही. तिची नायिका संपत्ती मागते, मिळविते आणि ती मिळाल्यावरच भावाला बोलते. वैराग्याच्या सूत्रात ही कहाणी बसविता येत नाही, म्हणूनच बहुधा ती त्या चर्चेत कधी येत नाही.

संतसाहित्याकडे वळताना हेच ध्यानात ठेवावे लागते. तुकारामांचे घराणे देहूचे महाजनकी असलेले, वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी करणारे होते. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात व्यापार बसला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. हा वृत्तान्त त्यांनी स्वतः आत्मपर अभंगांत नोंदविला आहे. पुढची घटना महीपतींच्या ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथातून सर्वांच्या परिचयाची झाली. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते तुकारामांनी इंद्रायणीत टाकण्याचे ठरविले. धाकटे बंधू कान्होबा यांनी आपला संसार पुढे करून आपला वाटा मागितला. खतांच्या दोन वाटण्या झाल्या. कान्होबांच्या वाटणीची त्यांच्या हाती गेली आणि तुकारामांच्या वाटणीची नदीत गेली.

कीर्तनात या प्रसंगाचा पूर्वार्ध सांगितला जातो, उत्तरार्ध घाईने उरकला जातो. वस्तुतः उत्तरार्धच अधिक बोलका आहे. तुकारामांनी पैसा वाटला नाही. वाटण्याजोगा तो उरलाही नव्हता. त्यांनी घर जाळले नाही, दुकानाला आग लावली नाही. त्यांनी नष्ट केला तो इतरांवरचा लेखी हक्क. मराठीत ऋणको कर्ज ‘बुडवितो’. येथे धनकोनेच ते शब्दशः बुडविले. दुसरे असे की, त्यांनी कान्होबांच्या वाट्यावर हक्क सांगितला नाही आणि महीपतींनीही कान्होबांना दोष दिला नाही. निम्मी खते नदीकाठी शिल्लक राहिली. त्यांची पुढे वसुली झाली असेलच, कारण त्यांवर एका कुटुंबाचे पोट होते. ही निम्मी खते चरित्रकाराने लपविली नाहीत, यात त्याच्या दृष्टीचा प्रामाणिकपणा आहे. महीपती स्वतः ताहराबादचे वतनदार कुलकर्णी होते. कागद कसा लिहिला जातो, कोणाच्या घरात ठेवला जातो आणि कोणाच्या दारात उघडला जातो, हे त्यांना पोथीतून शिकावे लागले नव्हते. पूजेत असताना दरबारी कामाचे बोलावणे आल्यावर त्यांनी ते काम सोडले आणि आपली लेखणी पुन्हा अशा चाकरीला लावावयाची नाही असा निश्चय केला, अशी त्यांच्याविषयीची परंपरा आहे. लेखणी सोडणारा कुलकर्णी खते सोडणाऱ्या सावकाराचे चरित्र लिहितो, तेव्हा त्या चरित्रातील तपशिलाला अधिक वजन द्यावयास हवे.

तुकारामांनी धनाचा सरसकट धिक्कार केला, असेही त्यांच्या गाथेवरून म्हणता येत नाही. उत्तम व्यवहाराने धन जोडावे आणि त्यात न गुंतता ते खर्चावे, असा गृहस्थाला केलेला त्यांचा उपदेश प्रसिद्धच आहे. त्याहूनही लक्षात घेण्याजोगी त्यांची परिभाषा आहे. भांडवल, मुद्दल, लाभ, दिवाळे, माप, खत हे शब्द त्यांच्या अभंगांत रूपक म्हणून येतात, परंतु ते रूपक दुकानात बसलेल्या माणसाचे आहे. देवाशी भांडतानाही ते अनेकदा येणे मागणाऱ्याच्या सुरात बोलतात. ज्याने खते बुडविली त्याची भाषा शेवटपर्यंत खतावणीचीच राहिली, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या वैराग्याचा आशय कळत नाही. त्यांनी व्यवहाराकडे पाठ फिरविली ती व्यवहार पुरता जाणून. आणि त्यातील कोणती गोष्ट माणसाला माणसाचा मालक बनविते हे त्यांनी अचूक हेरले होते.

महीपतींच्याच ‘भक्तविजय’ (१७६२) या ग्रंथात आणि त्याआधीपासून लोकपरंपरेत असलेली दामाजीपंतांची कथा या संदर्भात वाचण्यासारखी आहे. मंगळवेढ्याच्या या अंमलदाराने दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली. बेदरच्या बादशहाने त्याला पकडून आणण्याचा हुकूम दिला. तेव्हा विठ्ठल महाराच्या वेषात दरबारात गेला, धान्याची पुरी किंमत त्याने भरली आणि पावती घेतली. ही पावतीच दामाजीच्या पोथीत येऊन पडते. चमत्कार करणाऱ्या देवाला पावती कशाला हवी होती? कथेचे इंगित येथेच आहे. कोठार लुटविणारा भक्त चोर ठरू नये, त्याचा हिशेब चुकता झाल्याचे लेखी राहावे, अशी श्रोत्यांची गरज होती. देवालाही दप्तराचा नियम पाळावा लागतो. एकनाथांच्या चरित्रातील एका पैची चूक रात्रभर शोधण्याची आख्यायिकाही याच वळणाची आहे. मराठी भक्तिपरंपरेने संपत्तीचे ममत्व सोडावयास सांगितले, हिशेब सोडावयास सांगितले नाही.

एकोणिसाव्या शतकात हा हिशेब नव्या हातांत गेला. लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ पत्रातील शतपत्रांतून १८४८ पासून आळशी वरिष्ठवर्गाची झाडाझडती घेतली आणि १८४९ मध्ये ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरील पुस्तक लिहिले. लक्ष्मी ही पूजेची गोष्ट नसून ज्ञानाची आहे, हे त्या नावातच सुचविलेले आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) हे तर श्रीमंतीकडे मोकळ्या कुतूहलाने पाहणारे मराठीतील विरळा पुस्तक होय. बाजार, बंदर, निरनिराळ्या जातींचे व्यापारी, त्यांनी बांधलेल्या धर्मशाळा आणि देवळे यांविषयी माडगावकर ज्या आवडीने लिहितात ती आवड पुढील मराठी गद्यात क्वचितच आढळते. त्याच लेखकाने ‘ऋणनिषेधक बोध’ लिहून कर्जाच्या अनर्थाविषयी वाचकांना सावध केले होते. व्यापाराचे कौतुक आणि कर्जाचे भय ही दोन्ही एका लेखणीतून उतरावीत, यात विसंगती नाही. मात्र मराठी वाङ्मयाने त्यातील भय तेवढे पुढे नेले, कौतुक मागे टाकले. जगन्नाथ शंकरशेट यांच्या स्मरणाचेही तसेच झाले आहे. त्यांनी दिलेल्या देणग्या आणि उभारलेल्या संस्था पाठ्यपुस्तकांत आहेत. ज्या व्यापारातून त्या देणग्या आल्या तो व्यापार पाठ्यपुस्तकांत नाही.

‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. मुंबईतील शेअरबाजाराची हानी तत्काळ दिसली. दख्खनच्या गावांतील हानी दिसावयास दहा वर्षे लागली. तेजीच्या काळात सावकाराने सढळ हाताने दिलेले कर्ज मंदीत फिटेना. त्यातच १८६७ पासूनच्या फेरआकारणीत काही तालुक्यांचा शेतसारा पुष्कळ वाढला. रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणणारा १८५९ चा कायदा वस्तुतः ऋणकोच्या सोयीसाठी होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहिले जाऊ लागले आणि जुने खत फाडले की नाही हे निरक्षर कुळाला कळेनासे झाले. अंगठ्याचा ठसा ज्याचा, त्यालाच मजकूर ठाऊक नाही, अशी ही स्थिती होती.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी दंगा सुरू झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्यापूर्वी शिरूर तालुक्यातील काही गावांनी सावकारांवर सामाजिक बहिष्कार घातला होता. साहित्याच्या अभ्यासकाला या दंग्यातील एक गोष्ट महत्त्वाची वाटावयास हवी. जमाव सावकाराच्या घरी जाई आणि खते मागे. ती मिळाली की जाळून टाकी. खते मिळाली तेथे मनुष्याला सहसा हात लावला गेला नाही. ती देण्याचे नाकारले गेले तेथे गंजी पेटल्या, क्वचित घर पेटले. चौकशीसाठी नेमलेल्या समितीनेही हाच निष्कर्ष नोंदविला. धान्य लुटण्यापेक्षा कागद जाळणे महत्त्वाचे मानणारा हा जमाव त्याच प्रदेशातला होता ज्या प्रदेशात इंद्रायणीत बुडविलेल्या खतांची कथा कीर्तनांतून ऐकली जात होती. त्या कथेने दंगा घडविला असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. लक्ष्य तेच होते, एवढे पुरेसे आहे. फरक इतकाच की तेथे धनकोने आपली खते आपण बुडविली होती. येथे ऋणकोंनी ती हिसकावून घेतली.

या घटनेची दुसरी बाजूही नोंदवावी लागते. दंग्याची झळ लागली ती मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांना; ब्राह्मण सावकार असलेल्या काही गावांत त्यांना धक्का लागला नाही. म्हणजे संताप कागदावर होता खरा, पण कोणाच्या घरातला कागद आधी मागावयाचा हे परकेपणाने ठरविले. आपल्या गावचा, आपल्या देवळात बसणारा, आपली भाषा बोलणारा सावकार ‘साव’ राहिला. बाहेरून आलेला नुसता ‘कार’ ठरला. सावकाराला एका विशिष्ट जमातीचा पोशाख आणि उच्चार देऊन हास्यास्पद करण्याची पुढील मराठी नाटकांतली व कथांतली रीत या सोयीस्कर निवडीची वारसदार आहे. तीमुळे स्थानिक धनिकाची प्रतिमा मराठीत दीर्घकाळ अस्पष्ट राहिली.

सरकारने १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायालयाने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, कुळाला पावती मिळावी, हिशेबाची प्रत मिळावी, अशा तरतुदी त्यात होत्या. पावतीची महती दामाजीच्या कथेने अगोदरच सांगितली होती.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) वाचला तर त्याची अपूर्वता ध्यानात येते. फुले हे धनाविषयी अनभिज्ञ सुधारक नव्हते. त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली होती, मांजरीला शेती केली होती, १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मुंबईतील तेलुगू भाषक कंत्राटदारांनी सत्यशोधक समाजाला आर्थिक पाठबळ दिले होते. रुपया कोठे तयार होतो आणि वाटेत कोठे कोठे झिरपतो, हे त्यांनी धंद्यात पाहिले होते. म्हणूनच ‘असूडा’त सावकार एकटा येत नाही. गर्भाधानापासून मृत्यूनंतरच्या श्राद्धापर्यंत धर्मकृत्यांच्या निमित्ताने होणारी लूट पहिल्याच प्रकरणात येते. मग सरकारी खात्यांतील कामगार, कोर्ट, वकील, निरनिराळे कर आणि पट्ट्या येतात. सावकाराचे खत हे या साखळीतील एक कडे ठरते. ज्या कागदाला दंगेखोरांनी आग लावली तो लिहिणारा, नोंदविणारा, त्यावर हुकूमनामा देणारा आणि त्याच्या बळावर जप्ती आणणारा, अशा सगळ्यांची नावे फुल्यांनी घेतली. परका सावकार आणि आपला भटजी हा भेद त्यांच्या विवेचनात टिकत नाही.

पण ‘असूडा’चे खरे वेगळेपण त्याच्या शेवटच्या भागात आहे. तेथे ताली, बंधारे, तळी, खत, जनावरांची पैदास, शेतकी प्रदर्शने व बक्षिसे, फौजेच्या आणि पोलिसांच्या रिकाम्या वेळात बांध घालण्याची कामे, असा सूचनांचा मोठा भाग आहे. साहित्याचे अभ्यासक तो ‘उपाययोजना’ म्हणून ओलांडून जातात. वास्तविक, आरंभीच्या मराठी गद्यात संपत्ती कागदातून न येता पाण्यातून आणि मातीतून येताना दिसते ती ठळकपणे येथे. येथेही ‘खत’ आहे, पण ते शेणखत आहे. हा श्लेष फुल्यांनी केलेला नाही. मराठी भाषेने तो करून ठेवला आहे.

फुल्यांचा हा दुसरा धागा पुढे फारसा कोणी उचलला नाही. ‘शेटजी-भटजी’ ही जोडी सत्यशोधक जलशांत आणि पत्रकारितेत रूढ झाली. १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू करणाऱ्या मुकुंदराव पाटलांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ आणि ‘शेटजीप्रताप’ या काव्यांतून कागद लिहिणाऱ्याचा आणि कागद ठेवणाऱ्याचा समाचार घेतला. या लेखनाचे मोल मोठे आहे. ग्रामीण श्रोत्याला त्याने आपल्या कर्जाचे व्याकरण समजावून दिले. मात्र शेताचे उत्पन्न कसे वाढेल, नवे धन कोण निर्माण करील, हा प्रश्न त्याच्या कक्षेत क्वचितच आला.

शहरी मध्यमवर्गाच्या हाती कादंबरी आल्यावर तर धनिकाच्या हातातील कागदही नाहीसा झाला. देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकात भुजंगनाथाच्या पैशाचा उगम विचारण्याची गरज प्रेक्षकाला वाटत नाही. त्याचे वय आणि त्याची हाव पुरेशी असते. वि. स. खांडेकरांची ‘दोन ध्रुव’ (१९३४) ही कादंबरी नावातच श्रीमंती आणि दारिद्र्य यांना पृथ्वीची दोन टोके बनविते. सहृदयतेविषयी शंका नाही. पण दोन ध्रुवांमध्ये व्यवहार नसतो. एकाचा बंगला दुसऱ्याच्या झोपडीतून कसा उभा राहिला, हे अशा कादंबरीला सांगता येत नाही, आणि वाचक दोन्ही ध्रुवांपासून सारख्याच अंतरावर सुखरूप राहतो. नोकरदार वाचकाला ही रचना सोयीची होती. ‘मराठी माणसाला पैशाचे वेड नाही’ हे विधान याच वर्गाने पसरविले, आणि ठरावीक तारखेला वेतन घेणाऱ्याचे ते आत्मचित्र संपूर्ण समाजाच्या गळ्यात घातले. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ (१९३३) ही कादंबरी यास अपवाद होय, कारण गिरणी हे धन निर्माण होण्याचे ठिकाण आहे याचे भान तीत आहे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकाने कर्जाचे चित्र जितके घरोघर पोहोचविले तितके अन्य कोणत्याही मराठी पुस्तकाने पोहोचविले नसेल. सावकाराचा माणूस वसुलीसाठी दारात येतो, आईच्या अब्रूला लागेल असे बोलतो. सावकार स्वतः पडद्याआड राहतो. पत आणि अब्रू एकच असल्याचा मघाचा शब्दार्थ या प्रसंगात रक्तामांसाचा होतो. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि ते यावेच. परंतु हे कुटुंब खोताचे आहे ही गोष्ट वाचकाच्या स्मरणात टिकत नाही. सारावसुलीचा मध्यस्थ हक्क असलेला खोत कुळाच्या नजरेने पाहिला तर धनिकच होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने ती रद्द झाली, हा इतिहास त्या पुस्तकाच्या शेजारी ठेवून शिकविला पाहिजे. त्याने आईचे दुःख कमी होत नाही. धनको आणि ऋणको या दोन जाती नसून एकाच माणसाचे दोन प्रहर असू शकतात, हे मात्र विद्यार्थ्याला समजते. तुकारामांच्या घरातही तेच घडले होते.

या सगळ्या चर्चेत ज्यांच्या नावे खतच लिहिले जात नाही त्यांचे स्थान कोठे, हा प्रश्न दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाने उभा केला. बलुत्याचा हिस्सा रिवाजाने ठरतो. तो मागावयाचा असतो, त्याचा रोखा नसतो. ज्याला पतच नाकारली त्याच्यावर कागदाने अन्याय होत नाही, कागदाच्या अभावाने होतो. १८७५ च्या आगीत जळालेल्या खतांमुळे कुणब्याला जो दिलासा मिळाला असेल तो या वस्तीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) मध्ये म्हणूनच खते जाळली जात नाहीत. धान्य आणि खजिना लुटला जातो आणि वाटला जातो.

स्वातंत्र्योत्तर काळात धनिकाची प्रतिमा पुन्हा पालटली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात अशा कारखान्यांची रांग उभी राहिली. सावकाराला पर्याय म्हणून आलेल्या या व्यवस्थेत शेतकरी ऋणकोऐवजी भागधारक झाला. संपत्ती मातीतून आणि पाण्यातून यावी ही फुल्यांची अपेक्षा येथे काही अंशी फळाला आली, हे नाकारता येत नाही. परंतु तिच्यातून जो नवा धनिक निघाला तो परका नव्हता; तो भावकीतला, सोयरिकीतला, लग्नात अक्षता टाकावयास येणारा होता. त्याच्याविषयीची भाषा त्यामुळे दुहेरी झाली. सभेत तो ‘सहकारमहर्षी’ असतो, पारावर ‘साखरसम्राट’. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ (१९९४) या कादंबरीने या दुहेरी भाषेचा विस्तृत पट मांडला. ध्येयवादी चळवळीतून सत्ता आणि सत्तेतून संपत्ती कशी आकार घेते, हे तीत ठराव, निवडणुका, संस्था आणि माणसे यांच्या तपशिलातून दिसते. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) मध्ये वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकरी कुटुंब या सहकाराच्या परिघाबाहेर उभे आहे, आणि तेथे कर्ज पुन्हा घराच्या मधोमध येऊन बसते. १९३४ च्या ‘दोन ध्रुवां’पेक्षा या दोन कादंबऱ्या अधिक सांगतात, कारण त्यांतील धनिक आणि दरिद्री एकाच मतदारयादीत आहेत.

खताचे रूप मात्र आता बदलले आहे. भागाचा दाखला, उसाची नोंद, काट्यावरची वजनाची पावती, सोसायटीचा उतारा, खासगी सावकाराने कर्जाऐवजी करून घेतलेले खरेदीखत ही त्याची नवी रूपे होत. २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमाने अशा खरेदीखतामागे जाऊन पाहण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला दिला. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला जे करावयास सांगितले होते तेच हे काम आहे. या प्रत्येक कागदाभोवती कादंबरी आहे, आणि तीतील काही लिहिल्या गेल्या आहेत. ज्याच्याभोवती सर्वांत कमी लिहिले गेले तो कागद ऊसतोडणीच्या मुकादमाच्या वहीत असतो. एका कोयत्यामागे, म्हणजे बहुधा नवराबायकोच्या जोडीमागे, हंगामापूर्वी दिलेली उचल तीत मांडलेली असते, आणि ती पैशाने फिटत नाही, टनांनी फिटते. हंगाम संपताना बाकी राहिली तर ती पुढच्या वर्षाच्या पानावर ओढली जाते. तोडणी कामगाराचे चित्रण मराठी कथेत आले आहे. त्या वहीचे पान, त्यातील आकडा कोणी लिहिला आणि तो कोणाला वाचता येत होता, हे अजून यावयाचे आहे.